सगळं पणाला लागलेलं असताना ही माणसं असं का वागतात?

गेल्या अंकात अमेरिकेचे माजी प्रेसिडेंट बिल क्लिंटन, त्यांचं लग्नाबाहेरचं प्रकरण आणि त्यातून झालेला महाभियोग याबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आणि मेल आले. बहुतेकांचा सूर एकच होता, की एवढ्या मोठ्या पदावरची माणसं अशा भानगडीत अडकतातच कशी. त्यातली काही पत्रं इथे घेतेय. शेवटचं पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते, त्यामुळे त्याला जागा जास्त दिलीये.

कोल्हापूरहून एक निवृत्त मुख्याध्यापक: ताई, नमस्कार. क्लिंटन स्वतः वकील, जगातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसलेला माणूस. आपण पकडले जाऊ हे त्याला कळत नव्हतं का? हा सत्तेचा माज म्हणायचा, की मुळात अशाच स्वभावाची माणसं राजकारणात येतात?

सर, नमस्कार. तुमच्या दोन्ही अंदाजांत तथ्य आहे, पण मला तिसरंच कारण जास्त मोठं वाटतं. सत्ता आली की 'साहेब, हे बरं दिसत नाही' असं तोंडावर म्हणणारं माणूस आसपास उरत नाही. ते कसं, ते सांगते, पण आधी एका अभ्यासाबद्दल. योरिस लॅमर्स नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये नोकरदार लोकांचा एक निनावी सर्व्हे केला होता, १,५६१ लोक होते त्यात, आणि २०११ साली तो छापून आला. कंपनीत जो जितका वरच्या जागेवर, तितकं त्याने जोडीदाराला फसवलेलं असण्याचं प्रमाण जास्त निघालं. का, तर वरच्या जागेवर बसलं की 'आपण कुणालाही आवडू शकतो' हा आत्मविश्वास वाढतो. आता हा सर्व्हे आहे, लोकांनी स्वतःबद्दल जे सांगितलं त्यावर बेतलेला, त्यामुळे तो काही शेवटचा शब्द नाही, पण मला तो पटतो, कारण ज्यांची नावं गाजली त्यांच्याबाबतीत हेच झालेलं दिसतं.

क्लिंटनचंच बघा. नोव्हेंबर १९९५ मध्ये बजेटच्या भांडणावरून अमेरिकेतलं सरकारी कामकाज काही दिवस बंद पडलं, पगारी स्टाफ घरी बसला आणि व्हाइट हाऊसमध्ये बिनपगारी इंटर्न मुलंमुली एरवी त्यांच्या वाट्याला न येणारी कामं करायला लागली. त्यातलीच एक मोनिका लेविन्स्की. ती २२ वर्षांची, हा ४९ वर्षांचा, आणि देशाचा प्रेसिडेंट. ही मुलगी सारखी त्यांच्या ऑफिसच्या आसपास असते हे तिथल्या वरिष्ठ स्टाफच्या लक्षात आलं होतं. मग त्यांनी काय केलं? एप्रिल १९९६ मध्ये त्या मुलीची बदली करून टाकली, पेंटागॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात. म्हणजे चूक दिसली होती आणि ती थांबवायचा प्रयत्नही झाला, पण उचलून बाजूला कुणाला ठेवलं तर सगळ्यात कमी ताकद असलेल्या माणसाला. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही ते हे असं. आणि पुढचं सगळं रामायण त्या बदलीतूनच घडलं, कारण पेंटागॉनमध्येच तिची लिंडा ट्रिपशी ओळख झाली, मनातलं तिला सांगायला लागली, आणि ट्रिपबाईंनी तिचे फोन चोरून रेकॉर्ड केले.

जानेवारी १९९८ मध्ये दुसऱ्याच एका खटल्यात क्लिंटननी शपथेवर सांगितलं की तिच्याशी माझे तसले संबंध नव्हते, मग टीव्हीवरून देशालाही तेच सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये कबूल करावं लागलं. डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने महाभियोग लावला तो खोटी साक्ष आणि न्यायाच्या कामात अडथळा या आरोपांवर, अफेअरवर नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटने त्यांना मुक्त केलं, टर्म पूर्ण केली त्यांनी. त्या मुलीचं काय झालं? देशभर, जगभर तिच्या नावाने विनोद झाले, नोकरी मिळेना, कित्येक वर्षं ती लोकांसमोर फारशी आलीच नाही. २०१४ पासून ती स्वतः लिहायला बोलायला लागली तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपण एका बावीस वर्षांच्या पोरीचं काय करून ठेवलं होतं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त राग याचा येतो.

आणि सर, एक गोष्ट लक्षात ठेवू या की राजकारण्यांचं आपल्या कानावर येतं कारण त्यांच्यावर नजर असते. पूर्वी पत्रकारही गप्प बसायचे. प्रेसिडेंट रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्ये वारले तेव्हा त्यांची जुनी मैत्रीण लूसी मर्सर तिथेच होती, बायको पोचायच्या आत ती निघून गेली, आणि लोकांना हे कळायला बरीच वर्षं गेली. हे बदललं ते साधारण १९८७ मध्ये, गॅरी हार्टच्या वेळी. प्रेसिडेंटपदाच्या शर्यतीत डेमोक्रॅटिक पक्षातून सगळ्यात पुढे असलेला माणूस, मायामीच्या एका पेपरच्या पत्रकारांनी त्याच्या घरावर पाळत ठेवली, बातमी आली आणि आठवड्याच्या आत तो शर्यतीतून बाहेर. त्यानंतर पुढे आलेल्या प्रत्येक नेत्याला हे ठाऊक होतं, तरी प्रकरणं थांबली नाहीत. तेव्हा 'कळत नव्हतं का' याचं उत्तर, कळत होतं, पण आपल्या माणसांनी आजवर सगळं सांभाळून घेतलंय तर हेही घेतील, याची खात्री त्याहून मोठी होती.

नाशिकहून एक वाचक: बायका सत्तेवर आल्या तर असं होणार नाही, असं मला वाटतं. बरोबर ना?

दादा, वर सांगितलेल्या सर्व्हेत वरच्या पदावरच्या बायकांचंही तेच निघालं आणि कारणही तेच. आजवर गाजलेली बहुतेक नावं पुरुषांची आहेत कारण खुर्च्यांवर बहुतेक पुरुषच बसलेत. बायकांना मी देवी मानत नाही आणि तुम्हीही मानू नका, त्याने त्यांचं भलं होत नाही.

डोंबिवलीहून एक वाचक: ताई, मला त्या बायकांचं कळत नाही. नवरा टीव्हीवर माफी मागतोय आणि ही शेजारी उभी, चेहरा उतरलेला. कशाला उभं राहायचं? मी तर चालती झाले असते.

तुम्ही ज्या चित्राबद्दल बोलताय ते मार्च २००८ चं असावं, न्यूयॉर्कचे गव्हर्नर एलियट स्पिट्झर. हा माणूस आधी राज्याचा ॲटर्नी जनरल होता, वेश्याव्यवसाय चालवणाऱ्या टोळ्यांवर त्याने खटले भरले होते, गव्हर्नर झाल्यावर गिऱ्हाइकांची शिक्षा वाढवणाऱ्या कायद्यावर सहीही केली होती, आणि स्वतःच अशा एका महागड्या टोळीचा गिऱ्हाईक निघाला. बँकेला पैशांच्या व्यवहारांचा संशय आला आणि तिथून धागा लागला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माफी मागताना आणि दोन दिवसांनी राजीनामा देताना, दोन्ही वेळा बायको शेजारी होती. ती का उभी राहिली ते तिचं तिला माहीत, घरात तीन मुली होत्या, आणि अशा वेळी चोवीस तासांत काय ठरवायचं हे बाहेरून सांगणं फार सोपं असतं.

पण न उभी राहिलेलीही आहे एक, आणि तिची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायचीये. साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर मार्क सॅनफर्ड. जून २००९. माणूस गायब. म्हणजे खरंच गायब, राज्याचा कारभारी कुठे आहे हे उपगव्हर्नरला माहीत नाही, सुरक्षेच्या पोलिसांना माहीत नाही, फोन लागत नाही, त्यात मधल्या रविवारी फादर्स डे, आणि चार मुलं घरी. बायकोला पत्रकारांनी विचारलं तर ती म्हणाली मला माहीत नाही. स्टाफने मग सांगितलं की साहेब ॲपलाचियन ट्रेलवर ट्रेकिंगला गेलेत. स्टाफला तेच सांगितलेलं होतं, त्यांनी तेच पुढे सांगितलं. इकडे तिथल्या 'द स्टेट' नावाच्या पेपरकडे काही महिन्यांपूर्वी कुणीतरी निनावी ईमेल पाठवले होते, सॅनफर्ड आणि अर्जेंटिनातल्या एका बाईचे. पेपरची एक वार्ताहर अटलांटाच्या एअरपोर्टवर जाऊन उभी राहिली आणि अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसहून आलेल्या विमानातून गव्हर्नरसाहेब उतरले.

त्याच दिवशी प्रेस कॉन्फरन्स झाली, रडले, सगळं कबूल केलं, आणि शेजारी बायको नव्हती. जेनी सॅनफर्ड. या बाईने नवऱ्याची पहिली निवडणूक स्वतः मॅनेज केली होती, म्हणजे त्या खुर्चीत तिचाही घाम होता. तिने वेगळं निवेदन दिलं, मुलांना घेऊन सरकारी घर सोडलं, पुढच्या वर्षी घटस्फोट. कुणाचीही परवानगी न मागता आणि कुणालाही शिव्या न देता. मला ती बाई फार मोठी वाटते.

सॅनफर्ड मात्र टर्म संपेपर्यंत गव्हर्नर राहिले. विधिमंडळाने निषेधाचा ठराव केला, सरकारी प्रवास आणि निवडणुकीच्या पैशांच्या वापरावरून ७४,००० डॉलर दंड भरावा लागला, आणि २०१३ मध्ये लोकांनी त्यांना परत निवडून काँग्रेसमध्ये पाठवलं. हेच सॅनफर्ड १९९८ मध्ये क्लिंटनवर महाभियोग लावायच्या बाजूने मत देणाऱ्यांत होते. त्याच महाभियोगाच्या दिवशी, प्रतिनिधीगृहाचे होणारे स्पीकर बॉब लिव्हिंग्स्टन यांनाही स्वतःची प्रकरणं बाहेर आल्यामुळे माघार घ्यावी लागली होती, आणि क्लिंटनच्या मागे लागलेले न्यूट गिंगरिच यांनी पुढे २००७ मध्ये कबूल केलं की त्या काळात माझंही बाहेर चालू होतं.

पुण्याहून एक विद्यार्थिनी: मॅम, मला वाटतं आपण उगाच नाक खुपसतो. दोन सज्ञान माणसं काय करतात हा त्यांचा प्रश्न. आता आपल्याकडे तो गुन्हाही नाही. फ्रान्समध्ये तर कुणी विचारतही नाही म्हणे.

अर्धं मला मान्य आहे. २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं कलम ४९७ रद्द केलं ते योग्यच केलं, त्या कायद्यात बायको म्हणजे नवऱ्याची मालमत्ता असाच हिशोब होता. नवरा-बायकोत काय झालं ते त्यांनी बघावं, हेही ठीक.

पण फ्रान्सचं उदाहरण देताना मितराँ आठवा. १९८१ ते १९९५, चौदा वर्षं प्रेसिडेंट, आणि बायकोमुलांशिवाय दुसरं घर, एक मुलगी, जिची गोष्ट १९९४ मध्ये एका मासिकाने फोटो छापून जाहीर केली. लोक म्हणतात बघा किती समंजस देश, अंत्यविधीला दोन्ही कुटुंबं हजर होती. होतीच. पण ते दुसरं घर सरकारी जागेत होतं, सरकारी पहाऱ्यात होतं. आणि ८०च्या दशकात प्रेसिडेंटच्या ऑफिसातल्या, दहशतवादाविरुद्ध म्हणून नेमलेल्या पथकाने पत्रकारांचे, लेखकांचे फोन टॅप केले, त्यातला एक लेखक तर याच मुलीबद्दल लिहायच्या तयारीत होता. पुढे कोर्टात खटला चालला, अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. आता सांग, हा दोन सज्ञान माणसांचा खासगी मामला राहिला का?

आपल्याकडचं उदाहरण हवं तर नारायणदत्त तिवारींचं घे. उत्तर प्रदेशचे तीनदा मुख्यमंत्री, उत्तराखंडचे एकदा, मग आंध्रचे राज्यपाल. एका तरुणाने २००८ मध्ये दिल्ली हायकोर्टात दावा लावला की हे माझे वडील आहेत. यांनी रक्त द्यायलाच नकार दिला, वरच्या कोर्टापर्यंत गेले, शेवटी रक्त घेतलं गेलं आणि जुलै २०१२ मध्ये रिपोर्ट मुलाच्या बाजूने आला. चार वर्षं एका मुलाला आणि त्याच्या आईला कोर्टाच्या दारात उभं केलं. संबंध होता की नाही यापेक्षा हे मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून मी तरी बेडरूमचं बघत नाही, मी एवढंच बघते की ते लपवायला काय काय वापरलं. सरकारी गाडी वापरली का, पैसा कुणाचा गेला, शपथेवर खोटं बोलले का, ती बाई त्यांच्याच हाताखाली नोकरीला होती का. हाताखाली असेल तर ती 'हो' म्हणाली यालाही फारसा अर्थ नाही, कारण 'नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं हे तिलाच माहीत.

ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो मार्च १९६३ मध्ये संसदेत धडधडीत खोटं बोलले, जूनमध्ये गेले. क्रिस्टीन कीलर नावाच्या मुलीशी संबंध, आणि तिची सोव्हिएत नौदलाच्या एका अधिकाऱ्याशीही ओळख, म्हणून देशाच्या सुरक्षेचाही प्रश्न होता. पण राजीनाम्यानंतर या माणसाने लंडनच्या ईस्ट एंडमधल्या टॉयन्बी हॉल या सेवाभावी संस्थेत कित्येक वर्षं गाजावाजा न करता काम केलं आणि १९७५ मध्ये सरकारी सन्मानही मिळाला. त्या कामाबद्दल मला आदर आहे, पण कीलरच्या नावामागचं ते प्रकरण २०१७ मध्ये ती वारली तेव्हाही सुटलेलं नव्हतं. पुरुषाला परतीची वाट मिळते, बाईला मिळत नाही, हे प्रत्येक प्रकरणात दिसतं.

मराठवाड्यातून, नाव-गाव नको म्हटलंय: ताई, मी एका साहेबांकडे पीए आहे. नोकरी पक्षाची, कागदावर काही नाही. साहेबांचं बाहेर प्रकरण आहे हे मला, ड्रायव्हरला आणि रेस्ट हाऊसच्या खानसाम्याला माहीत आहे. वहिनींचा फोन आला की 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे मला सांगावं लागतं. त्या मला जेवलास का विचारतात हो. मागच्या महिन्यात एक रूम माझ्या नावावर, माझं आधार देऊन बुक करायला लावली. घरी आईला सांगता येत नाही, बायकोला सांगता येत नाही. काय करू?

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी एका माणसाची गोष्ट ऐका, म्हणजे मी पुढचं का म्हणतेय ते कळेल.

जॉन एडवर्ड्स नावाचे सिनेटर होते, २००४ मध्ये उपराष्ट्रपतिपदाचे उमेदवार, २००८ साठी प्रेसिडेंटपदाच्या शर्यतीत. बायकोला कॅन्सर, तो मार्च २००७ मध्ये उलटल्याचं दोघांनी मिळून जाहीर केलं, सगळ्या देशाला हळहळ वाटली. आणि यांचं प्रचाराचे व्हिडिओ करणाऱ्या बाईशी प्रकरण चालू होतं, ती गरोदर राहिली. त्यांच्याकडे अँड्र्यू यंग नावाचा माणूस कामाला होता, तुमच्यासारखाच, साहेब म्हणतील ते करणारा. डिसेंबर २००७ मध्ये या यंगने जाहीर केलं की मूल माझं आहे. बायको आणि लहान मुलं असलेला माणूस! आणि मग स्वतःचं कुटुंब आणि ती गरोदर बाई असा सगळा लवाजमा घेऊन पत्रकारांना चुकवत हॉटेलं आणि भाड्याच्या घरांतून फिरत राहिला. खर्च साहेबांच्या श्रीमंत पाठीराख्यांचा. त्यातल्या एक, नव्वदी ओलांडलेल्या बाई, चेक द्यायच्या त्यावर खुर्ची, टेबल असं काहीबाही लिहिलेलं असायचं, जणू फर्निचर घेतलंय. त्या पैशातला बराचसा यंगच्या स्वतःच्या घराच्या बांधकामात गेला, हेही पुढे कोर्टात निघालं. म्हणजे आधी निष्ठा, मग मिंधेपण.

एडवर्ड्सनी ऑगस्ट २००८ मध्ये प्रकरण कबूल केलं पण मूल माझं नाही म्हणाले, ते कबूल केलं जानेवारी २०१० मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची पत्नी गेली. २०१२ मध्ये निवडणूक निधीवरून खटला चालला, यंग सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला, आणि उलटतपासणीत वकिलांनी त्याची अब्रू उभी आडवी फाडली. एडवर्ड्स एका आरोपातून सुटले, बाकीच्यांवर ज्युरीचं एकमत झालं नाही आणि सरकारने खटला सोडून दिला. साहेब सुटले, भाऊ.

तेव्हा पहिलं, तुमचं आधार, तुमचं सिम, तुमचं यूपीआय, यापुढे यातल्या कशावरही रूम, गाडी, तिकीट काहीही बुक करायचं नाही. साहेबांना एकदा, एकटे असताना, शांतपणे सांगा की साहेब बाकी सगळं काम करीन, माझ्या नावावर हे नको. 'वहिनींशी खोटं बोलायला लावू नका, फोन तुम्हीच उचला' हेही त्याच वेळी सांगा. कदाचित चिडतील. कदाचित त्यांच्या आयुष्यात बऱ्याच वर्षांनी कुणीतरी असं पहिल्यांदाच म्हणेल.

वहिनींना जाऊन तुम्ही काही सांगू नका, ते तुमचं काम नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना कळलेलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी कधी सरळ विचारलंच तर खोटं बोलू नका, 'मला यात ओढू नका वहिनी' एवढं म्हटलं तरी पुरे. झालेल्या बुकिंगची पावती, त्या दिवशीचा साहेबांचा मेसेज असेल तर तो जपून ठेवा. कुणाला धमकी द्यायला म्हणून अजिबात नाही, उद्या तुमच्याच अंगावर शेकलं तर तुमच्याकडे काहीतरी असावं म्हणून. ड्रायव्हरशी बोला, तोही याच कात्रीत असणार, आणि दोघांनी मिळून 'नाही' म्हणणं एकट्याने म्हणण्यापेक्षा सोपं जातं.

आणि नोकरी शोधायला आजपासून लागा. पक्षाची नोकरी, कागद नाही, म्हणजे साहेबांचं नाव वर्तमानपत्रात आलं त्या दिवशी तुम्ही कुणीच नव्हता असं ते सांगू शकतात. बायकोला मात्र सांगा, आज रात्रीच सांगा. त्या रूमचं बिल तुमच्या नावाने आहे, ते तिला दुसऱ्याकडून कळायला नको.